शालेय सामन्यांत पायचीतचा निर्णय दोन मोबाइल कॅमेऱ्यांवर सोपवावा का?

दादरचा प्रशिक्षक
आमच्या चौदा वर्षांखालील संघातील एका मुलाला परवा पायचीत, म्हणजे यष्टींवर जाणारा चेंडू पायाने अडवला म्हणून बाद, दिले गेले. चेंडूचा टप्पा लेग यष्टीच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायांकडच्या यष्टीच्या, बाहेर पडला होता, असे मला सीमारेषेवरून स्पष्ट वाटले, आणि तसे असेल तर नियमानुसार तो बादच नव्हता. अशा मुलाला वर्षाकाठी मोजकेच डाव खेळायला मिळतात, त्यामुळे एका चुकीच्या निर्णयाने त्याची निवड हुकू शकते. २००१ साली लॉर्ड्सच्या कसोटीच्या प्रक्षेपणात चेंडूचा त्रिमितीय मार्ग पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा ती फार खर्चाची गोष्ट होती. आज प्रत्येक पालकाच्या खिशात कॅमेरा आहे. एका चित्रावरून चेंडू कोणत्या दिशेला आहे एवढेच कळते, किती लांब आहे ते कळत नाही. मात्र दोन जागांवरून घेतलेल्या चित्रांतील दिशारेषा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे चेंडू असतो. एक मोबाइल गोलंदाजाच्या मागे आणि दुसरा स्क्वेअर लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला काटकोनात, तिपाईवर लावावा आणि पायचीतचा निर्णय त्यावरून द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त पंच, गिरगाव
आपल्या पोटतिडकीबद्दल आदर आहे, तरी आपल्या उदाहरणातच अडचण दडलेली आहे. आपण सीमारेषेवर बाजूला बसला असाल तर चेंडूची लांबी, म्हणजे टप्पा फलंदाजापासून किती दूर पडला ते, आपल्याला दिसते; रेषा, म्हणजे तो यष्टींच्या डावीकडे की उजवीकडे पडला ते, दिसत नाही. रेषा फक्त पंचाच्या जागेवरून दिसते. आता मागचा मोबाइल माणसाच्या उंचीच्या तिपाईवर लावलात, तर त्याच्यासमोर नेमका मी उभा असणार. आझाद मैदानावर शेजारच्या सामन्याचा क्षेत्ररक्षक आपल्या खेळपट्टीमागून धावत जातो, त्याचे काय? शिवाय पॅडला लागल्यानंतरचा मार्ग कोणताही कॅमेरा पाहत नाही, तो केवळ अंदाज असतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागणार असे दिसले, तर मैदानावरील पंचाचाच निर्णय कायम राहतो, आणि अनिल कुंबळे यांच्या अध्यक्षतेखालील आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या) समितीने २०२१ साली ही तरतूद विचारपूर्वक टिकवली. उत्तमोत्तम कॅमेऱ्यांनाही जिथे एवढी मोकळीक ठेवावी लागते, तिथे दोन मोबाइलना अंतिम शब्द कसा द्यावा?

प्रतिमा-प्रक्रियेत काम करणारा, पवई
मी पंचांच्या बाजूने आहे, पण माझी कारणे आकड्यांची आहेत. गोलंदाजाच्या यष्टींमागे २० मीटरवर मोबाइल ठेवला, तर फलंदाज तिथून ४० मीटरवर येतो. साध्या भिंगात तेवढ्या अंतरावर सुमारे ५० मीटर रुंदीचे दृश्य मावते; ते चित्राच्या रुंदीतील १९२० बिंदूंत (पिक्सेलमध्ये) विभागले की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला अडीच सेंटीमीटरहून अधिक येतात, म्हणजे सात सेंटीमीटरचा चेंडू जेमतेम तीन बिंदूंचा उरतो. मुलाचा चेंडू ताशी ९० किलोमीटरने आला तर तो सेकंदाला २५ मीटर जातो, म्हणून सेकंदाला ६० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये तो ४२ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. दोन मोबाइलची घड्याळे अर्ध्या चित्राने जरी चुकली, तरी २० सेंटीमीटरची तफावत पडते; यष्टींची पूर्ण रुंदीच २२.८६ सेंटीमीटर आहे! मुंबईत पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या दिवसांतले ढगाळ आभाळ असेल तर प्रत्येक चित्राला अधिक वेळ उजेड घ्यावा लागतो आणि बाजूच्या कॅमेऱ्यात चेंडूऐवजी एक तांबडा फराटा उमटतो.

माटुंग्याची विद्यार्थिनी
बिंदूंचा हिशेब बरोबर आहे, पण घड्याळांचा निष्कर्ष मला मान्य नाही. ती २० सेंटीमीटरची चूक खेळपट्टीच्या लांबीच्या दिशेने पडते. मागचा कॅमेरा जवळजवळ चेंडूच्याच रेषेत पाहत असतो, त्यामुळे ४० मीटरवर अंतर २० सेंटीमीटरने चुकले तरी आडव्या दिशेने होणारा फरक काही मिलिमीटरांचाच असतो, आणि पायचीतमध्ये आपल्याला आडवी दिशाच हवी आहे. शिवाय घड्याळे जुळवायला वेगळे यंत्र नको. टप्प्याच्या क्षणी चेंडूची खाली जाणारी वाट वर वळते आणि तो क्षण दोन्ही चित्रफितींत सापडतो. टप्प्याआधीची आणि नंतरची वक्ररेषा वाढवून त्यांचा छेद काढला की तो दोन चित्रांच्या मधला असला तरी मिळतो. चेंडू लहान दिसण्यावर तिप्पट जवळ आणणारे भिंग हा उपाय आहे, आणि आजकाल ते पुष्कळ मोबाइलमध्ये असते.

प्रतिमा-प्रक्रियेत काम करणारा, पवई
घड्याळांबाबत माझी मांडणी अपुरी होती, हे मान्य करतो. परंतु आडवी दिशाच महत्त्वाची असेल तर मागच्या तिपाईचे स्थैर्य सर्वांत महत्त्वाचे ठरते. समुद्राकडून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्याने मोबाइल अंशाच्या दहाव्या भागाएवढा जरी वळला, तरी ४० मीटरवर सात सेंटीमीटरचा, म्हणजे एका अख्ख्या चेंडूचा फरक पडतो, आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

माटुंग्याची विद्यार्थिनी
लक्षात येतो, कारण दोन्ही टोकांच्या यष्टी त्याच चित्रात असतात. त्यांची उंची, रुंदी आणि त्यांमधले २०.१२ मीटर अंतर ठरलेले आहे, म्हणून प्रत्येक चेंडूआधी त्यांवरून कॅमेऱ्याची जागा नव्याने काढता येते. ओल्या मातीत यष्टी कलली असेल तर तिचे बूड धरावे. मला खरी धास्ती टप्प्यानंतरची वाटते. चेंडू टप्पा पडून ४० सेंटीमीटरवरच पॅडला लागला, तर साध्या वेगाच्या चित्रणात टप्प्यानंतरचे एखादेच चित्र मिळते, आणि एका बिंदूतून कितीही रेषा काढता येतात. तिथे मी पंचांशी सहमत आहे.

दादरचा प्रशिक्षक
मग मी माझी मागणी आखडती घेतो. चेंडू यष्टींना लागला असता का, हा प्रश्न पंचांकडेच राहू द्या. टप्पा लेग यष्टीबाहेर पडला का, एवढेच कॅमेऱ्यांना विचारू. ती घडलेली गोष्ट आहे आणि तिचे मोजमाप होऊ शकते. मागचा मोबाइल पंचाच्या डोक्यावरून पाहील इतक्या उंच, जमिनीत घट्ट रोवलेल्या बांबूवर बांधू.

निवृत्त पंच, गिरगाव
उंच बांबू वाऱ्यात तिपाईपेक्षा जास्त हलतो, हे मांडव घालणारा कोणीही सांगेल. तरीही टप्प्यापुरती चाचणी घ्यायला माझी ना नाही. मात्र ती सामन्यात नको, सरावाच्या जाळीत घ्यावी. चेंडू चुन्यात बुडवून शंभर वेळा टाकावा, खेळपट्टीवर उमटणारा प्रत्येक ठिपका मधल्या यष्टीच्या रेषेपासून मोजपट्टीने मोजावा, आणि मोबाइलवरून काढलेले उत्तर मोजणीच्या आधी कागदावर लिहून माझ्याकडे द्यावे. लेग यष्टीच्या आसपासच्या ठिपक्यांत अर्ध्या चेंडूहून अधिक चूक वारंवार निघाली, तर हा विषय शालेय सामन्यांपुरता थांबवावा. येत्या रविवारी सकाळी मी मोजपट्टी घेऊन येतो; चुना आणि मुले आपण आणावीत.