अनुभव धागा : ‘आमचे दिवस गणण्यास आम्हांला शिकव’

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंचा दफनविधी झाला आणि पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे बायबलातील 90 वे स्तोत्र वाचले. वर शीर्षकात दिलेली ओळ त्यातलीच. चाळीस वर्षे मी ते ऐकत आले आहे, पण त्या दिवशी पेटीवर मूठभर माती टाकताना प्रथमच ध्यानात आले की, आयुष्य सत्तर वर्षांचे, फार तर ऐंशी, हे दहाव्या वचनात येते. पहिल्या वचनात देव पिढ्यानपिढ्या आमचे निवासस्थान आहे, असे म्हटले आहे. ही प्रार्थना मोशेच्या नावावर आहे. ज्याने चाळीस वर्षे रानात तंबू ठोकले आणि उपटले, तोच देवाला घर म्हणतो. आपण राहतो कोठे हे आधी सांगून मगच आपण किती दिवसांचे ते त्याने सांगितले, या क्रमाने मला त्या दिवशी फार धीर दिला.

आपल्या नाशिकच्या शरणपूरकरांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात येथील मिशन वसाहतीत शिकत होती. त्यांपैकी जेकब वेनराइट याने 1873 मध्ये मिशनरी व संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे हृदय आफ्रिकेत एका झाडाखाली पुरताना दफनविधी वाचला, आणि पुढे त्यांच्या शवासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील दफनविधीला 39 वे आणि 90 वे अशी दोन स्तोत्रे जोडलेली आहेत. नाशिकात शिकलेल्या त्या तरुणाची आठवण मला कबरीपाशी नेहमी होते.

देव सर्वकाळचा आणि आपण थोड्या दिवसांचे, हे आपणांस खरोखर केव्हा उमगले? उपदेश नको, जे घडले ते लिहावे.

— निवृत्त शिक्षिका, शरणपूर रोड

ताईंनी विचारले म्हणून लिहितो. आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात फळछाटणी केली, विरळणी झाली, फेब्रुवारीत व्यापाऱ्याशी भाव ठरला, आणि तोडणीला चार दिवस उरले असताना संध्याकाळी गारा पडल्या. सगळे वीस मिनिटांत आटोपले. गारा थांबल्यावर बागेत शिरलो तेव्हा आधी जाणवला तो वास. फुटलेल्या मण्यांचा रस तारांवरून ठिबकत होता आणि पायाखाली गारांबरोबर मणी चुरडत होते. सकाळी उगवून फुलणारे गवत संध्याकाळी सुकते, असे स्तोत्रात आहे. तोवर मी ते काव्य म्हणून ऐकत आलो होतो.

त्या रात्री मी प्रार्थना केली नाही, हे कबूल करतो. देवाला हजार वर्षे कालच्या दिवसासारखी वाटत असतील, तर माझे चार महिने त्याच्या लेखी कशात जमा, असा राग मनात होता. वडील मात्र पहाटे उठून एकेका वेलीच्या खोडाला हात लावून पाहत फिरत होते. मला पाहून म्हणाले, “घड गेले रे, ओलांडे शाबूत आहेत.” ओलांडे म्हणजे तारांवर पसरलेल्या वेलीच्या जाड फांद्या. एप्रिलमध्ये आम्ही नव्या फुटीसाठीची खरड छाटणी केली. त्या वर्षीचे कर्ज अजून फिटलेले नाही, आणि वडील दुसऱ्या वर्षी प्रभूच्या घरी गेले.

त्यानंतर मला नव्या करारातील पेत्राच्या दुसऱ्या पत्रातले वचन (2 पेत्र 3:8) नीट वाचता आले. प्रभूला हजार वर्षे एका दिवसासारखी, हा अर्धा भाग आपण सगळे म्हणतो. परंतु एक दिवस हजार वर्षांसारखा, हा अर्धा भाग तेथे आधी लिहिलेला आहे. वेलींना हात लावत फिरणाऱ्या माझ्या वडिलांची ती एक पहाट देवाला लहान वाटली नसेल, असे मी मानतो.

— द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

मी अतिदक्षता विभागात रात्रपाळी करते. स्तोत्रात हजार वर्षांना रात्रीच्या प्रहराची उपमा आहे. जुन्या करारातील लोक रात्रीचे तीन भाग करीत, त्यामुळे त्यांचा प्रहर आपल्यापेक्षा मोठा, सुमारे चार तासांचा भरतो. झोपलेल्याला तो कळत नाही, जागणाऱ्याला सरता सरत नाही. एका आजोबांनी एकाच रात्री मला सहा वेळा विचारले, “सिस्टर, किती वाजले?” सातव्या वेळी मी वेळ न सांगता खुर्ची ओढून शेजारी बसले, तेव्हा त्यांना झोप लागली. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, हे 121 वे स्तोत्र मी तेव्हापासून 90 व्याला जोडूनच वाचते.

— परिचारिका, नाशिक

नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात माझी सारी नोकरी झाली. तेथे खराब छपाईचा कागदही मोजूनच जमा होतो. बिघडला म्हणून तो हिशेबातून सुटत नाही. निवृत्तीची दोन वर्षे उरली तेव्हा मी दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारू लागलो, आणि दिवस गणणे म्हणजे हेच, असे समजत होतो. मग पत्नीला कर्करोग निघाला. उरलेले दिवस मोजण्याचे धैर्य होईना, म्हणून आम्ही झालेले दिवस मोजू लागलो. रात्री जेवणानंतर ती विचारी, “आज काय जमा?” कधी अर्धी भाकरी, कधी नातवाचा फोन, कधी नुसते रडणे. बिघडलेला दिवसही आम्ही जमेत धरला. अशा 140 नोंदी वहीत आहेत.

— निवृत्त कामगार, जेल रोड

काकांचे वाचून लिहिण्याचे धैर्य आले. माझी मुलगी अकरा दिवस जगली. सत्तर आणि ऐंशी वर्षांचे ते वचन कानावर पडले की कित्येक महिने मला उपासनेतून उठून जावेसे वाटे. देवाला ती हवी होती, असे सांत्वनाला आलेल्या काहींनी सांगितले. ते मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. पुढे त्याच स्तोत्राच्या तेराव्या वचनात मला ‘किती वेळ?’ हा प्रश्न सापडला. ज्याला आदी नाही आणि अंत नाही, त्याच्यासमोर उभे राहून मोशेने तो विचारला आणि तो पवित्र शास्त्रात राहू दिला गेला, म्हणून मी पुन्हा प्रार्थना करू शकले.

काका, माझ्याही नोंदी आहेत. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून खिडकीच्या उजेडाकडे पाहिले. पाचव्या दिवशी माझी करंगळी धरली आणि नळी बदलायला सिस्टर येईपर्यंत सोडली नाही. आठव्या दिवशी तिचे वजन वीस ग्रॅमने वाढले. अकराव्या दिवशी पाळकसाहेबांनी काचेच्या पेटीत हात घालून, दोन बोटे भिजवून तिला बाप्तिस्मा दिला. पाण्याचा एक थेंब तिच्या कानामागे राहिला होता, तो मी पुसला नाही.

— एक आई, देवळाली