पट्टीचुंबकाच्या बलरेषा: सुई उलटी दिशा का दाखवते?

गंगापूररोडकर: दहावीच्या प्रयोगासाठी बलरेषा काढतोय. पुस्तकात त्या उत्तर ध्रुवातून निघून दक्षिण ध्रुवात शिरतात. इथे मात्र होकायंत्राच्या सुईचं लाल (उत्तर ध्रुवाचं) टोक चुंबकाच्या लाल (उत्तर ध्रुवाच्याच) टोकाकडे ओढलं जातंय. लोहकीस टाकला की आकृती बरोबर येते. चूक कुठे?

प्रयोगवही: लोहकिसावरून दिशा कळतच नाही. चुंबक उलटा ठेवला तरी आकृती तीच. बलरेषेची दिशा म्हणजे सुईचा उत्तर ध्रुव जिकडे रोख धरतो ती. म्हणजे एक तर सुई उलटी झालीय किंवा चुंबकाचा रंग चुकलाय. आधी सुई तपासा. चुंबक, मोबाइल, लोखंडी कपाट सगळं दूर ठेवा. लाल टोक ध्रुवताऱ्याच्या दिशेला राहिलं पाहिजे. नाशिकमध्ये चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे एवढी तपासणी पुरते. तारा क्षितिजापासून साधारण २० अंशांवर दिसतो.

गंगापूररोडकर: लाल टोक दक्षिणेला जातंय!

प्रयोगवही: मग सुईच उलटी झालीय. निओडिमियमचा चुंबक अगदी जवळ गेला की स्वस्तातल्या होकायंत्राचं असं हमखास होतं. जोरदार चुंबकाचा दक्षिण ध्रुव काचेवर सुईच्या मध्यावर टेकवा, लाल टोकाकडे सरकवत नेऊन टोकापलीकडे उचला. तीन-चार वेळा, दर वेळी त्याच दिशेने. दक्षिण ध्रुव शेवटी जिथून सुटतो ते टोक उत्तर ध्रुव होतं. आता पुन्हा तपासा.

सातपूर_फिटर: रेषा काढताना छोटं, दोनेक सेंटिमीटरचं होकायंत्र घ्या. सुईच्या दोन्ही टोकांशी ठिपके द्या, मग होकायंत्र पुढे सरकवून सुईचं शेपूट आधीच्या पुढच्या ठिपक्यावर आणा. बाण लाल टोकाच्या दिशेने. चुंबकापासून लांब गेलात की रेषा वाकड्या होतात, ती तुमची चूक नव्हे. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे साधारण ३८ मायक्रोटेस्ला आहे, तो तिथे वरचढ होतो. चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेला ठेवला तर दोन्ही क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात ते उदासीन बिंदू पूर्व-पश्चिम बाजूंना मिळतात, दक्षिणेला ठेवला तर चुंबकाच्या अक्षावर. कोणती मांडणी केली ते वहीत लिहाच.

कीस वर्कशॉपमधून आणणार असाल तर लेथची लांब सालं नकोत, माइल्ड स्टीलवर कानस घासून पडतो तो बारीक भुगा हवा. गाळणीतून चाळा. पितळेचा कीस मिसळला असेल तर तो जागचा हलत नाही.

गंगापूररोडकर: सुई सुधारली. चुंबकाच्या आत रेषा कुठे जातात?

प्रयोगवही: आत दक्षिण ध्रुवाकडून उत्तर ध्रुवाकडे. प्रत्येक रेषा बंद वेटोळं असते, म्हणून आकृतीत ती ध्रुवाशी तोडू नका.