मदत हवी आहे: जिप्सीचा शाफ्ट गेलाय, रविवारच्या आत हवाय

रानवाट (गुरुवार, रात्री १०:१२)
जिप्सीचा शाफ्ट गेलाय. कोल्हापुरात अख्खा नवा कुठं मिळेल आणि कितीला बसेल? एकदा काम करून झालंय, पुन्हा तेच. रविवारी रोपलावणीची माणसं गगनबावड्याच्या बाजूला शेतावर न्यायची आहेत. शेवटचे दोन किलोमीटर नुसता राडा, दुसरी गाडी चढत नाही. 'गॅरेजला दाखवा' हे उत्तर नको, दाखवून झालंय. अर्जंट.

घाटमाथा
कुठला शाफ्ट? गाडीखाली तीन आहेत. साल कुठलं? आणि 'गेलाय' म्हणजे तुटलाय, वाजतोय की थरथरतोय?

ग्रीसगन
शाफ्ट जात नसतो हो, क्रॉस जातो, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा. क्रॉसच्या कपाच्या कडेनं बोट फिरवून बघा. विटेच्या भुकटीसारखी लालसर पूड बोटाला लागली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून खलास झाल्यात. दर पाच हजार किलोमीटरला निपलमधून ग्रीस मारायचं, चारही कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. चिखलातून आलात तर त्याच दिवशी. माझी गाडी १९९७ची, शाफ्ट अजून मूळचा.

स्विफ्टवाला_सातारा
वळताना कटकट आवाज येतो का? मग रबरी बूट फाटून सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाजवळचा सांधा गेला. माझा गेल्या वर्षी बदलला, दोन तासांचं काम.

घाटमाथा
@स्विफ्टवाला, ते तुमच्या गाडीचं झालं. जिप्सीत सीव्ही जॉइंट पुढच्या ॲक्सलच्या टोकाला गोळ्यात असतो. हे ते विचारत नाहीयेत. बहुतेक.

रानवाट
अहो, शाफ्ट म्हणजे प्रोपेलर, चाकांकडे ताकद नेणारा दांडा, अजून काय! जिप्सी किंग, २००३, एमपीएफआय इंजिन. मागचा शाफ्ट. चाळीसच्या पुढे थरथर सुरू, साठला आरशात मागचं काही दिसत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की खालून टक्‌. गेल्या महिन्यात मागचे दोन्ही क्रॉस टाकले, फरक शून्य. आता कुठं मिळेल ते सांगा.

उद्यमनगर
नवा घेऊ नका. काढून आणा, लेथवर धरून बघतो. पाइप वाकला असेल तर नवा पाइप घालून वेल्डिंग मारतो, मूळच्यापेक्षा दणकट.

एमएच_बारा
लेथवर सरळ दिसला म्हणजे बॅलन्स झाला असं नसतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं पाइप ओढला जातो. मशीनवर फिरवून पत्र्याचे तुकडे लावून बॅलन्स करावा लागतो. नाहीतर थरथर होती तिथंच.

उद्यमनगर
वीस वर्षं ट्रॅक्टर-ट्रकचे शाफ्ट करतोय. एक परत आला नाही.

एमएच_बारा
परत यायला गाडी शाबूत पाहिजे ना.

घाटमाथा
भांडा सावकाश. @रानवाट, क्रॉस टाकताना शाफ्ट स्लायडिंगमधून, म्हणजे सरकत्या दातेरी जोडातून वेगळा केला होता का? खुणा केल्या होत्या? दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत लागतात. स्प्लाइनचा एक दात इकडचा तिकडे बसला तरी नव्याकोऱ्या क्रॉसवर गाडी थरथरते. खडूची नाही, पंचची खूण करायची, खडू पुसला जातो.

रानवाट
मी नव्हतो तिथं. आत्ता टॉर्च घेऊन बघितलं, योक रेषेत आहेत. पाऊस कोसळतोय, पाठ भिजली.

पर्थकर
आमच्याकडे ऑस्ट्रेलियात हीच गाडी सिएरा म्हणून ओळखतात. एक विचारतो, सस्पेन्शन वाढवलंय का?

रानवाट
हो, पाट्यांना लांब शॅकल (लटकवायच्या पट्ट्या) टाकलेत, दोन वर्षं झाली. त्याचा काय संबंध?

पर्थकर
आधी सांगायचं ना राव! उंची वाढली की ॲक्सलचं तोंड फिरतं, शाफ्टचा कोन बिघडतो. मूळचे शॅकल घाला.

नियमबद्ध
२००३ म्हणजे १५ वर्षं कधीच उलटली. रिपासिंग केलंय का? दर पाच वर्षांनी करावं लागतं, शिवाय पर्यावरण कर. शाफ्टवर खर्च करायच्या आधी आरसी बघा.

रानवाट
केलंय. शाफ्ट विचारलाय.

आंबोलीकर
माझा उपाय ऐका. मागचा शाफ्ट काढून डिकीत टाका, पुढच्या चाकांचे हब लॉक करा, लिव्हर फोर-हायला (चारही चाकांना ताकद). गाडी पुढच्या चाकांवर चालते. मी असा आंबोलीहून बेळगावला गेलोय. फक्त शाफ्ट काढताना चाकांना उट्या लावा. शाफ्ट नसला आणि हब मोकळे असले की गिअरात टाकलेली गाडीसुद्धा उतारावरून निघून जाते. माझी गेली होती, फणसानं धरली.

घाटमाथा
मागचे क्रॉस नवे आणि फरक शून्य, तर दोष मागच्या शाफ्टचा आहे असं ठरवलं कुणी? टू-हायला (नुसत्या मागच्या चाकांना ताकद) हब मोकळे असतील तर पुढचा शाफ्ट फिरतच नाही, तो सोडा. उरला तिसरा, गिअरबॉक्स ते ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), वीतभर लांबीचा. याला सगळे विसरतात. हायलासुद्धा ट्रान्सफरमध्ये सुमारे १.४चं रिडक्शन आहे, म्हणजे हा मागच्यापेक्षा तेवढा जोरात फिरतो. कमी स्पीडला थरथर येते ती म्हणून.

सकाळी हे करा. सपाट जागा, हँडब्रेक, चारही चाकांना उट्या. ट्रान्सफरची लिव्हर एनवर (न्यूट्रल), गिअर चौथा, क्लच सोडून सावकाश रेस द्या. आता खाली फक्त तोच आखूड शाफ्ट फिरतोय. इंजिन चालू असताना गाडीखाली कुणी जायचं नाही.

ग्रीसगन
त्यालाही निपल असतं. मारलं होतं का ग्रीस?

रानवाट (शुक्रवार, सकाळी ८:०५)
केलं. गाडी जागेवर उभी आणि थरथर तीच. डॅशवरचा गणपती नाचला.

इंजिन बंद करून खाली गेलो. आखूड शाफ्टचा क्रॉस हातानं हलतोय, लाल पूड आहेच. आणि ट्रान्सफर ज्यांवर बसतं त्या तीन रबरांपैकी एक पार फाटलंय. पहार लावली तर अख्खं ट्रान्सफर अंगठाभर उचलतंय. गॅरेजवाल्यानं तिकडं हातही लावलेला नाही, नट गंजून चिकटलेत.

घाटमाथा
तर आधी रबरं, तीनही. मग क्रॉस. नुसता क्रॉस टाकलात तर ट्रान्सफर लोंबकळलेलंच राहील आणि नवाही लवकर जाईल. आणि @पर्थकर, शॅकलनं ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टांचा कोन बदलतो. या शाफ्टची दोन्ही टोकं चासीवर, याचा कोन बिघडतो तो रबरांनी.

पर्थकर
या शाफ्टपुरतं मान्य. तरी शॅकल काढा.

आंबोलीकर
मग माझी युक्ती चालणार नाही. सगळी ताकद त्या वीतभर तुकड्यातूनच जाते.

कुर्ला_रिटर्न
लष्कराच्या लिलावातल्या गाडीचं आख्खं ट्रान्सफर घ्या, रबरांसकट.

एमएच_बारा
भंगारातलं रबर? ते नवं असताना तुम्ही शाळेत होता.

रानवाट (शनिवार, रात्री ९:४०)
झालं. रबरं गावातच मिळाली, क्रॉसही. दोन नट डिझेल टाकून रात्रभर भिजवले तरी हलले नाहीत, शेवटी छिन्नीनं तोडले. जुना क्रॉस काढला तर चारपैकी एका कपात सुया नाहीतच, नुसता गंज. साठला आरशात मागचा टँकर स्पष्ट दिसतोय. टक्‌ आवाज थोडा आहे अजून.

उद्यमनगर
तो थोडा टक्‌ म्हणजे मागच्या स्लायडिंगची झीज. काढून आणा, बघतो.

एमएच_बारा
झाले सुरू.

रानवाट
रोपलावणी उरकल्यावर आणतो. शॅकल काढणार नाही, कुणी विचारायच्या आधीच सांगतो.