'गाइड'ची गाणी कथा अडवतात? काहीही!

मंद्रसप्तक:
काल एकाने लिहिलं की 'गाइड'ची (१९६५) गाणी रेडिओवर ठीक, पण पिक्चरमध्ये कथा अडवतात आणि 'पिया तोसे' तर ८ मिनिटं चालतं, तेवढ्यात चहा पिऊन येता येतो. वाचून डोकंच फिरलं. अहो, त्या ८ मिनिटांत नायिका रोझीची नामवंत नर्तकी नलिनी होते, दिवाळी येते, होळी येते, कडव्यागणिक कपडे बदलतात, स्टेज मोठं होत जातं. हेच संवादांतून दाखवायचं तर अर्धा तास लागला असता. चहाला उठलात तर तुमची कथा चुकली, संगीतकार बर्मनदादांची नाही. आणि 'मोसे छल'? नायक राजूने केलेल्या खोट्या सहीचं प्रकरण अंगाशी आलंय, रोझी स्टेजवर फसवणुकीचं गातेय आणि राजू विंगेत उभा. ते संपतं ना संपतं तोच रफी 'क्या से क्या' सुरू करतो. एका बाईचा आरोप, लगेच एका पुरुषाचा हिशोब. यात अडलं काय?

साधा_प्रेक्षक:
कालचं मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. ज्यांच्या कादंबरीवरून तो काढला त्या आर. के. नारायण यांनासुद्धा हा पिक्चर आवडला नव्हता. कादंबरीतली रोझी भरतनाट्यमवाली, इथे सगळा फिल्मी नाच. 'मोसे छल'चं मान्य, ते चपखल बसलंय. पण 'गाता रहे मेरा दिल' कथेतून काढलं तर काय बिघडतं सांगा.

रेडिओवेडी:
'गाता रहे'ला हात लावू नका! खरी तक्रार वेगळीच आहे, राजू झालेल्या देव आनंदला किशोरचा आवाज असताना रफीला ३ गाणी आणि किशोरला हे एकच डुएट. हा अन्याय आहे आणि यावर कुणी बोलत नाही.

मंद्रसप्तक:
अन्याय कसला? 'काला बाज़ार'मधलं 'खोया खोया चाँद' कुणाचं होतं? 'तेरे घर के सामने' कुणाचं? देवला रफी आधीपासून होता.

रेडिओवेडी:
आणि 'पेइंग गेस्ट'मध्ये देवला किशोर नव्हता का आधी? शिवाय तेव्हा रॉयल्टीवरून लता-रफी एकत्र गात नव्हते, म्हणून डुएट किशोरकडे आलं, नाहीतर तेही गेलं असतं. भांडण मिटल्यावर 'ज्वेल थीफ'मध्ये (१९६७) 'दिल पुकारे' बघा कुणाला मिळालं.

ठेका१६:
तुम्ही दोघं गायकांवरच भांडा. 'मोसे छल'ला तबला शिवकुमार शर्मांनी वाजवलाय, हो, संतूरवालेच. मी १२ वर्षं तबला शिकलो, तो ठेका हाताला लावायचा म्हणून एक अख्खी सुट्टी घालवली, बोल सगळे बसले पण ते वजन आलं नाही. आणि हे इथे 'रफी की किशोर' करत बसलेत.

साधा_प्रेक्षक:
मूळ मुद्दा गाणी कथेत बसतात का हा होता, आठवण करून देतो.

जुनी_कॅसेट:
मग मी मुद्द्यावर येते. एकही माणूस शैलेंद्रचं नाव घेत नाहीये! ज्या अ‍ॅपवर मी ऐकते तिथेही गायक दिसतात, संगीतकार दिसतो, गीतकार गायब. 'काँटों से खींच के ये आँचल', सुरुवातच कडव्याने, मुखडा नंतर. रोझीने नुकतेच घुंगरू घेतलेत, अशा बाईच्या तोंडी आधी काटे आणि मग 'आज फिर जीने की तमन्ना'. आधी सुटका, मग इच्छा. कथा हीच आहे. माझी आई लग्नानंतर ११ वर्षांनी पुन्हा नाचाच्या क्लासला गेली, त्या दिवशी तिने घरी येऊन हे गाणं लावलं आणि स्वयंपाक न करता पूर्ण ऐकलं. बाबा गप्प बसून होते. तुम्ही म्हणता अडवतं.

साधा_प्रेक्षक:
आईंबद्दल आदर आहे. पण आठवणीने पिक्चरची एडिटिंग सिद्ध होत नाही.

जुनी_कॅसेट:
सिद्ध करायला कोण बसलंय? तुम्ही तो पिक्चर शेवटचा सलग कधी पाहिलात ते आधी सांगा.

साधा_प्रेक्षक:
कॉलेजात. बरं, 'आज फिर'ही सोडलं. आणि हो, सुरुवातीला राजू तुरुंगातून सुटून एकटा चालत जातो तेव्हा बर्मनदा स्वतः 'वहाँ कौन है तेरा' गातात, तिथे मी कधीच उठलो नाही. पण 'गाता रहे'वर मी ठाम आहे.

रेडिओवेडी:
ठाम राहा. काल 'पिया तोसे', आज 'गाता रहे', उद्या तेही सोडाल.

ठेका१६:
आणि रफी-किशोरचं काय ठरलं?

मंद्रसप्तक:
'दिन ढल जाए'मधला तो 'हाय' एकदा किशोरच्या आवाजात कल्पून बघा आणि मग या.

रेडिओवेडी:
बघितला. तो एक 'हाय' रफीचा. बाकी दोन गाण्यांचं भांडण चालू आहे.