‘ट्रिलियन’ मार्क मराठीत कसे लिहायचे? (जर्मनी, 1923)

पावली: एका इंग्रजी प्रकरणाचं भाषांतर चालू आहे. 20 नोव्हेंबर 1923 रोजी डॉलरचा भाव 4.2 ट्रिलियन मार्कांवर बांधला, असं वाक्य आहे. मसुद्यात ‘42 खर्व’ लिहिलंय. संपादकांना ते मान्य नाही. का?

खडूफळा: भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या क्रमात अब्जावर नऊ शून्यं, खर्वावर दहा, निखर्वावर अकरा, महापद्मावर बारा. हिंदीतला ‘खरब’ मात्र अकरा शून्यांचा. म्हणजे 42 खरब बरोबर, 42 खर्व दहापट कमी. ‘4.2 महापद्म’ लिहा, शब्द आपलाच आहे.

घारापुरी: आपला असेल, पण वाचणाऱ्याला तो फुलाचं नाव वाटेल. सरळ ‘4.2 लाख कोटी’ लिहा, अर्थसंकल्पाच्या बातम्यांनी ते अंगवळणी पडलंय. खरी गोची पुढे आहे. जर्मन ‘बिलियोन’वर बारा शून्यं असतात, आपल्या अब्जाला ते ‘मिलियार्ड’ म्हणतात. नोटेच्या चित्राखाली इंग्रजी सवयीने ‘बिलियोन = अब्ज’ छापलंत की हजारपट घोळ. डिसेंबर 1922ची तारीख असलेल्या हजाराच्या नोटेवर लाल अक्षरांत नवी किंमत छापली होती, ती मिलियार्डची, म्हणजे खरोखर एक अब्ज.

कल्हई: एकक कुठलंही घ्या, पण प्रकरणभर तेच ठेवा. युद्धाआधी डॉलरला 4.2 मार्क पडत. नोव्हेंबरच्या मध्यावर आलेलं नवं चलन, रेंटेनमार्क = 1 लाख कोटी कागदी मार्क. बारा शून्यं छाटली की जुना 4.2 परत येतो, भाव मुद्दाम तिथे बांधला होता. एका पानावर खर्व नि दुसऱ्यावर ट्रिलियन केलंत तर ही मेख वाचकाला दिसणारच नाही.

खडूफळा: आणि ‘हायपरइन्फ्लेशन’ला कृपया ‘महागाई’ नको. महागाई हा परिणाम, ‘अतिचलनवाढ’ म्हणा.

कल्हई: तिथेच अडतं. जानेवारीत फ्रेंच-बेल्जियन फौजा रूर या जर्मन औद्योगिक पट्ट्यात शिरल्या, सरकारने असहकार पुकारला आणि काम बंद ठेवणाऱ्यांचे पगार नोटा छापून दिले, इथवर चलनवाढ ठीक. पण पुढे भाव नोटांच्याही पुढे पळाले. हातातला मार्क लगेच खर्च करायची घाई, त्यामुळे चलनातल्या सगळ्या नोटांचं मिळून खरं मोल घटलं. राइशबँक (जर्मनीची मध्यवर्ती बँक) नोटांची टंचाई आहे म्हणून आणखी छापत होती, शहरं आणि कारखाने स्वतःचं ‘नोटगेल्ड’, म्हणजे अडीनडीचं स्थानिक चलन, काढत होते. टंचाईला वाढ म्हणायचं?

खडूफळा: नग वाढले ना? मग वाढच. मोल घटलं त्याला ‘अवमूल्यन’ आहे.

घारापुरी: अवमूल्यन सरकार ठरवून करतं. हे ‘घसरण’. ‘रेंटेनमार्क’लाही ‘भूमी-मार्क’ करू नका. तारण जमिनीवरच्या आणि उद्योगांवरच्या बोज्याचं होतं, पण नोट दाखवून वावर मिळत नव्हतं. व्याजी रोखे मिळत. नोटांवर कमाल मर्यादा घातली, सरकारला बँकेकडून हवी तशी उचल बंद केली, म्हणून तो टिकला.

पावली: त्याच प्रकरणात म्युनिकचा 8-9 नोव्हेंबरचा हिटलरचा ‘पुच’ (सत्ता हिसकावण्याचा फसलेला प्रयत्न) आहे. ‘उठाव’ चालेल?

खडूफळा: उठाव लोकांचा असतो. बिअर हॉलमध्ये बंदुका रोखून मंत्र्यांना अडकवलं, तो ‘सत्ता बळकावण्याचा कट’.

कल्हई: कट गुपचूप शिजतो. दुसऱ्या दिवशी तर भर रस्त्यातून मोर्चा काढला आणि पोलिसांनी गोळ्या घालून मोडला. ‘फसलेलं बंड’ लिहा.

घारापुरी: 1857च्या ‘बंड’ या शब्दावर इथे आधीच दोनशे प्रतिसाद पडलेत. ‘पुच’च ठेवा, तळटीप द्या.