एकाच यॅमल फाईलमधून (सेटिंग लिहायची साधी टेक्स्ट फाईल) कमांडचे ऑप्शन वाचणारा पार्सर पण आणि मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) पण, कोणी केलंय का?

स्लो_लोकल:
मंडळी, जरा मदत पाहिजे. ऑफिस लोअर परळला, ब्रोकिंगचं बॅक-ऑफिस. रात्रीच्या कामाच्या चौदा स्क्रिप्ट आहेत, नऊ पायथन, पाच बॅश, आणि ज्याने लिहिली त्याने आपापल्या मर्जीने ऑप्शन ठेवलेत. एकीत --डेट, दुसरीत --ट्रेड-डेट, तिसरीत नुसतं -डी, आणि ते डेट नाहीच, डीबग आहे 🙏

गेल्या आठवड्यात टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने रीडमी (वापराची माहिती असलेली फाईल) वाचून --ड्राय-रन, म्हणजे खरं काही न करता नुसती चाचणी, लावून एक बॅशवाली चालवली. रीडमीत तो ऑप्शन होता, स्क्रिप्टमधून कोणीतरी कधीच काढून टाकलेला, आणि केसच्या शेवटी स्टारपुढे नुसतं शिफ्ट लिहिलंय म्हणजे अनोळखी ऑप्शन आला की गुपचूप पुढे जायचं. झाला की खरा रन. बोलणी मला बसली कारण रीडमीवर नाव माझं.

तर डोक्यात असं आहे की सगळे ऑप्शन एका यॅमलमध्ये ठेवायचे, नाव, टाइप, डिफॉल्ट, एका ओळीत माहिती, आणि त्यातूनच पार्सरचा कोड, --हेल्प आणि मॅन पेज काढायचं. स्वतः लिहू की तयार काही मिळतं?

टर्मिनलवाला:
तयार आहे रे, आणि ही कल्पना चांगली जुनी आहे. सी साठी गेनगेटऑप्ट, एका साध्या फाईलमध्ये ऑप्शन लिहायचे, ते गेटऑप्ट_लाँग वापरणारा सी कोड काढून देतं. ऑटोजेनमधलं ऑटोऑप्ट्स मॅन पेजही काढतं. जीसीसी कंपायलरचे ऑप्शन .ऑप्ट फायलींमध्ये असतात आणि ऑकच्या स्क्रिप्ट त्यातून कोड बनवतात, क्लँग कंपायलरवाले टेबलजेनमध्ये लिहितात आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधली ऑप्शनची लांबलचक यादी पण तिथूनच निघते. मला स्वतःला कर्लचं आवडतं. अडीचशेच्या वर ऑप्शन, प्रत्येकाची वेगळी छोटी टेक्स्ट फाईल, सगळ्या जोडून मॅन पेज. ऑप्शन वाढला तर फाईल वाढली, रिव्ह्यू करणाऱ्याला लगेच दिसतं.

तुझ्या बॅशवाल्यांसाठी बॅशली बघ. यॅमल द्यायची, स्क्रिप्ट घ्यायची, अनोळखी ऑप्शनला ती सरळ एरर देऊन थांबते. मार्कडाउन आणि मॅन पेजही काढता येतं. फक्त त्या स्क्रिप्टला बॅश ४ च्या पुढचं लागतं आणि मॅकवर अजून ३.२ च येतं, टीममध्ये मॅकवाले असतील तर आधीच सांगून ठेव.

गोरेगाव_पूर्व:
मी वेगळं सांगतो, यॅमलच्या नादी लागू नकोस. पायथनमध्ये आर्गपार्सला, म्हणजे ऑप्शन वाचणाऱ्या लायब्ररीला, तू नाव, टाइप, डिफॉल्ट, हेल्प सगळं देतोसच ना, मग तीच तुझी यादी. वर आणखी यॅमल आली की आधी साधी असते, मग "हे दोन एकत्र चालणार नाहीत" येतं, मग "हा असेल तरच तो", आणि दीड वर्षाने तू एक भाषा बनवलेली असते जी पृथ्वीवर एकट्या तुला येते. मी केलंय हे, नंतर सुट्टीवर गावाला गेलो तरी फोन यायचे. रस्टच्या क्लॅपमध्ये पण यॅमलमधून ऑप्शन घ्यायची सोय होती, ३ मध्ये वापरू नका म्हणाले, ४ मध्ये काढूनच टाकली.

उलटं जा. कोड हेच मूळ ठेव आणि हेल्प२मॅन लाव, ते --हेल्पचं आउटपुट वाचून मॅन पेज बनवतं. दोन ठिकाणी अडकशील ते आत्ताच सांगतो. आर्गपार्स टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडतं, त्यामुळे लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरंच मॅन पेज येतं, तर कॉलम्स ८० करून चालव. आणि पायथन ३.१० पासून "ऑप्शनल आर्ग्युमेंट्स" हे शीर्षक बदलून नुसतं "ऑप्शन्स" झालंय, आमच्या अर्ध्या टेस्ट त्या एका शब्दावर पडल्या होत्या.

स्लो_लोकल:
गोरेगावकर, पटतं, पण मग पाच बॅशवाल्यांचं काय करू, सगळीकडे --डेट म्हणजे --डेटच पाहिजे हीच तर रड आहे. काल संध्याकाळी पाऊस, गाड्या रखडलेल्या, म्हटलं बसलोच आहे तर लिहून टाकू. ऐंशी ओळींत पायथनचा जनरेटर झाला पण, मॅन पेजसकट.

आता एक विचित्र प्रकार. बाजार उघडायची आणि बंद व्हायची वेळ असे दोन ऑप्शन आहेत, डिफॉल्ट ०९:१५ आणि १५:३०. मॅन पेजमध्ये पहिली बरोबर छापली आणि दुसरीपुढे "डिफॉल्ट ९३०". टाइपला मी माझं फंक्शन दिलंय जे तास-मिनिटं तपासतं, ते पण गप्प. डोळे दुखायला लागले बघून बघून.

जुना_खोडरबर:
हा हा, साठीचा हिशोब लागला तुला. पायथनमध्ये यॅमल वाचणारी नेहमीची लायब्ररी पायवायएएमएल, ती यॅमल १.१ चे नियम पाळते आणि त्यात कोलनने जोडलेले आकडे म्हणजे साठाच्या पायावरची संख्या. १५ गुणिले ६० अधिक ३० झाले ९३०. ०९:१५ वाचलं कारण त्या नियमात पहिला अंक १ ते ९ लागतो, शून्य दिसला म्हणून ते मजकूरच राहिलं. ९:१५ लिहिलं असतंस तर ५५५ मिळाले असते.

आणि फंक्शन गप्प का, तर आर्गपार्स डिफॉल्टवर टाइप लावतं ते डिफॉल्ट मजकूर असेल तरच. तुझा ९३० आधीच पूर्णांक होऊन आला, मग त्याला कोण विचारतो, थेट आत. याच घरातली बाकीची भावंडं पण बघून ठेव, येस, नो, ऑन, ऑफ यांचं ट्रू-फॉल्स होतं आणि ०२२ लिहिलं की १८ होतं.

अवतरणचिन्हं टाक असं सगळे सांगतील, पण चौदा स्क्रिप्टमध्ये कोणीतरी विसरणारच. पायवायएएमएलच्याच बेसलोडरने वाच, तो सगळं मजकूर म्हणूनच देतो, मग तुझं टाइपचं फंक्शन डिफॉल्टवर पण चालेल. फक्त हो-नाहीवाल्या ऑप्शनला टाइप म्हणून बूल देऊ नकोस हं, "फॉल्स" हा मजकूर रिकामा नाही म्हणून त्याचं ट्रू होतं. तिथे स्टोअर_ट्रूच, ऑप्शन दिला की ट्रू.

स्लो_लोकल:
काका, पाया पडतो. बेसलोडर लावला आणि लगेच दुसऱ्या दोन स्क्रिप्टची चुकीची डिफॉल्ट पकडली गेली, एकीत तारीख म्हणून भलतंच काहीतरी पडलेलं. मॅन पेज त्याच फाईलमधून काढलं म्हणून ९३० दिसला तरी, रीडमी हाताने लिहिला असता तर मी त्यात १५:३० च लिहिलं असतं ना.

आणि एका ऑप्शनच्या माहितीत "मार्जिन ५०% पेक्षा कमी" लिहिलेलं, --हेल्प मागितलं की स्क्रिप्ट फुटायची, एरवी छान चालायची. टक्क्याचं चिन्ह दोनदा लागतं हे आज कळलं, आता जनरेटरच दुप्पट करतो.

टर्मिनलवाला:
जनरेट झालेल्या फायली रिपॉझिटरीत ठेवणार असशील तर सीआयमध्ये (कोड टाकला की आपोआप चालणारी तपासणी) परत जनरेट करून गिट डिफ --एक्झिट-कोड लाव, कोणी हाताने बदललं असेल तर बिल्ड तिथेच पडेल. नाहीतर परत कोणीतरी ड्राय-रन काढून टाकेल आणि यॅमलमध्ये तो तसाच राहील.

गोरेगाव_पूर्व:
ठीक आहे, माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. पण "हा असेल तरच तो" आलं की इथे येऊन सांग. आणि ते -डी चं काय ठरवलंस, डेट की डीबग?

स्लो_लोकल:
दोन्ही नाही. -डी दिला की एरर, पूर्ण नाव लिहा. शिव्या सुरू झाल्यात ग्रुपवर 😅