मदत हवी आहे: फायनान्सवरच्या छोट्या गाडीला रीमॅप, अलॉय, स्प्रिंगा... काय करू, काय नको?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही. माझी छोटी हॅचबॅक आहे, १ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, गियर हाताचे, बेस मॉडेल त्यामुळे पत्र्याची चाकं आणि १५५/८० आर १३ टायर. गाडी फायनान्सवर आहे, निम्म्याच्या आसपास हप्ते बाकी आहेत, कागदावर फायनान्स कंपनीचा बोजा आहे आणि वॉरंटीही चालू आहे. गाडी मला मनापासून आवडते, ती विकून मोठी घ्यायचा विचार नाही, तेवढा सल्ला सोडून काहीही सांगा.

मुख्य अडचण पिकअपची. एकटी असताना काही जाणवत नाही, पण चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि समोर चढ असं जमलं की दुसऱ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी गाडी आधी नुसती गुरगुरते आणि मग सावकाश उचलते, एसी बंद केला की लगेच फरक कळतो. दुसरं म्हणजे वळणावर फार झुकते, मागे बसलेले दाराचं हँडल धरून बसतात. आणि तिसरं, जरा छान दिसावी ही हौस आहेच.

ओळखीतल्या एका गॅरेजवाल्याने पूर्ण पॅकेज सांगितलंय: ईसीयू रीमॅप (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं), बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा हवेचा फिल्टर), मोकळा सायलेन्सर, १५ इंची अलॉय आणि त्यावर १८५/६५ टायर, शिवाय गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. म्हणतो एकदम करून टाका, पैसे कमी पडले तर चालू कर्जावर टॉपअप घ्या, आणि सर्व्हिसिंगला न्यायच्या आधी मी जुना प्रोग्राम परत टाकून देईन, कोणाला पत्ता लागणार नाही. हे शेवटचं ऐकून मला बरं वाटलं नाही म्हणून इथे विचारतेय. गाडी पूर्ण माझी नसताना यातलं काय करता येतं, कोणाला कळवावं लागतं, आणि या इंजिनात रीमॅपने खरंच किती फरक पडतो? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद

ताई, मी हेच काम करतो म्हणून आधी रीमॅपचं सांगतो. टर्बो इंजिनात रीमॅप म्हणजे बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवता येतो, तिथे २०-३० टक्के ताकद वाढलेली मी रोज बघतो. तुमच्या इंजिनात टर्बोच नाही, म्हणजे पिस्टन जेवढी हवा ओढेल तेवढीच, प्रोग्राम बदलून जास्त हवा येत नाही. इग्निशन थोडं पुढे घ्यायचं (प्लगची ठिणगी जरा आधी पाडायची), पूर्ण लोडवर पेट्रोलचं मिश्रण नीट बसवायचं, थ्रॉटलचा प्रतिसाद बदलायचा, एवढंच हातात. मन लावून केलं तरी ५ ते १० टक्के, म्हणजे ७० हॉर्सपॉवरच्या गाडीत फार तर ७, आणि तेही बहुतेक वरच्या आरपीएमला. तुम्हाला कमी आहे ते खालच्या आरपीएमला चढावर, तिथे हाताला फारसं काही लागणार नाही.

"पत्ता लागणार नाही" हे तर धरूनच चालू नका. बऱ्याच ईसीयूमध्ये कितीदा प्रोग्राम टाकला त्याची नोंद राहते, जुना परत टाकला तरी मोजणी मागे जात नाही. इंजिनाचा मोठा क्लेम आला की कंपनी ते बघते, आणि मग वॉरंटी वाचवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

कोन फिल्टर बॉनेटखाली उघडा बसवू नका. आवाज छान येतो म्हणून लोकांना गाडी जोरात पळतेय असं वाटतं, पण तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. हवा ३० अंशांनी जास्त गरम झाली की ती साधारण ९ टक्के विरळ होते, वर नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी खटखट) होऊ नये म्हणून ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे चढावर हळू जाताना, नेमकं तुम्हाला हवं तिथेच, गाडी आणखी दबते. कंपनीचा डबा बाहेरून थंड हवा घेतो, तो तसाच ठेवा आणि आतला फिल्टर वेळेवर बदला. सायलेन्सरचा फक्त मागचा डबा बदलला तर आवाज बदलेल, ताकद नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) मात्र कोणालाही हात लावू देऊ नका, त्याच्यानंतर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर इंजिनाचा दिवा लावतो आणि प्रदूषण चाचणीत गाडी अडकते ती वेगळीच.

आता टायर, कारण या पॅकेजमधलं सगळ्यात चुकीचं तेच आहे. तुमच्या टायरचा व्यास साधारण ५७८ मिलिमीटर, १८५/६५ आर १५ चा ६२१ च्या पुढे. साडेसात टक्के मोठं चाक! म्हणजे प्रत्येक गियर तेवढा लांब झाला, पिकअप आणखी गेला, आणि स्पीडोमीटरवर ८० दिसेल तेव्हा खरा वेग ८६ च्या आसपास असेल. शिवाय पूर्ण स्टिअरिंग फिरवलं की आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता. हौस करायचीच तर १४ इंची हलके अलॉय आणि १६५/७० आर १४, व्यास दीड टक्क्यानेच वाढतो. घेताना अलॉयचं वजन काट्यावर करून बघा, स्वस्त अलॉय पत्र्याच्या चाकापेक्षा जड निघालेले मी पाहिलेत.

प्रतिसाद

वरच्या दादांनी गाडीचं सांगितलं, मी कागदांचं सांगते, कर्जवाटपाच्या कामातच आहे. पहिल्यांदा करारनामा काढून बघा की तुमचं नेमकं काय आहे. साधं कर्ज असेल तर गाडी तुमच्या नावावर, पण तारण फायनान्स कंपनीकडे. लीज असेल तर गाडी त्यांचीच, तुम्ही वापरणाऱ्या. आणि तिसरा प्रकार म्हणजे हप्ते कमी आणि शेवटी एक मोठी रक्कम, ती भरायची किंवा गाडी परत द्यायची, तिथे परत देताना गाडी तपासून घेतात आणि जे मूळचं नाही त्याचे पैसे लावतात. तिन्ही प्रकारांत "संमतीशिवाय गाडीत फेरफार करू नये" अशा अर्थाचं कलम सहसा असतंच, ते मधल्या पानांवर बारीक अक्षरात असतं, शोधा. परवानगी फोनवर घेऊ नका, ईमेलवर घ्या, "हो" आलं तर त्याचा प्रिंट करारनाम्याला लावून ठेवा.

विमा कंपनीला कळवणं त्याहून महत्त्वाचं, कारण बोजा असलेली गाडी पूर्ण गेली तर क्लेमचे पैसे आधी फायनान्स कंपनीकडे जातात आणि उरले तर तुम्हाला. फेरफार लपवले म्हणून क्लेम कापला किंवा नाकारला तर गाडी नाही आणि हप्ते मात्र चालू. न कळवलेल्या अलॉयचे पैसे मिळत नाहीत हे तर आलंच. कळवल्यावर प्रीमियम थोडा वाढेल, वाढू द्या.

टॉपअप घेऊन पार्ट्स लावू नका, अगदी कळकळीने सांगते. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, लावलेल्या पार्ट्सची त्याहून लवकर, आणि त्यावरचं व्याज तुम्ही कर्ज संपेपर्यंत भरत बसता. उद्या गाडी विकायची वेळ आली आणि बाकी कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघालं तर फरक खिशातून भरल्याशिवाय ना हरकत पत्र मिळत नाही. हातात रोख असेल तेवढंच करा.

प्रतिसाद

फक्त स्प्रिंगांबद्दल: नुसत्या लो स्प्रिंगा लावून जुनेच शॉकअप ठेवले की शॉकअपचा प्रवास कमी होतो, चार माणसं बसली की खड्ड्यात बंप स्टॉपवर (शॉकअपचा प्रवास संपतो तिथल्या रबरावर) आपटते आणि शॉकअप लवकर तेल सोडतात. झुकणं कमी करायचं असेल तर आधी टायरची हवा आणि शॉकअप तपासा. तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला अँटी-रोल बार (वळणावर झुकणं रोखणारा आडवा दांडा) येत असेल तर तोच कंपनीचा पार्ट बसतो का ते शोरूमला विचारा, आमच्या घरच्या गाडीला बसला आणि झुकणं खूप कमी झालं. बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्या.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. करारनामा काढून बघितला, साधं कर्जच आहे, आणि ते कलम खरंच आहे, "लेखी पूर्वपरवानगीशिवाय" असे शब्द आहेत. रीमॅप आणि टॉपअप दोन्ही डोक्यातून काढलं. १४ इंची अलॉय आणि अँटी-रोल बारसाठी फायनान्स आणि विमा दोघांना आजच ईमेल टाकला, जुनी चाकं टायरसकट झाकून ठेवणार आहे म्हणजे लागलं तर गाडी मूळ रूपात आणता येईल. पण चढावरच्या पिकअपचं काय, ते तसंच सोडून द्यायचं का? आणि बाजारात ते पेडलला जोडायचं छोटं यंत्र मिळतं, थ्रॉटल कंट्रोलर, त्याने फरक पडतो का? अलॉय घेताना अजून काय बघायचं तेही सांगा.

प्रतिसाद

सोडून नका देऊ. ते यंत्र घेऊ नका, त्याने ताकद वाढत नाही, अर्धा पाय दाबला की पाऊण दाबल्यासारखं ईसीयूला सांगतं एवढंच, तुम्ही तर चढावर पाय पूर्णच दाबताय. त्याऐवजी गाडी लिफ्टवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवून बघायला सांगा, ब्रेक चिकटत असेल तर एखादं चाक जड फिरतं आणि इंजिन दिवसभर त्या ब्रेकशी झगडत राहतं. स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, क्लच घसरतोय का, टायरची हवा लोडप्रमाणे, एवढं बघितलं की कंपनीने दिलेली ताकद तरी पूर्ण मिळते. चालवताना चढ सुरू व्हायच्या आधी गियर उतरवा. ही छोटी इंजिनं ३५००-४००० आरपीएमच्या खाली चढाला ओढतच नाहीत, आवाज आला म्हणून वरचा गियर टाकायची घाई करू नका, त्या आरपीएमला इंजिनाला काही होत नाही.

अलॉयला पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) मूळचाच घ्या, मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) लावून घ्या नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं, टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा) मूळच्यापेक्षा कमी नको. नट बऱ्याचदा अलॉयसाठी वेगळे लागतात, ते टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळायला सांगा आणि ८०-१०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासून घ्या. फायनान्सचं उत्तर काय आलं ते इथे टाका, असे प्रश्न बरेच जण विचारतात.